कोऱ्या बाटलीतला पारा

४ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरी असशील असं मी गृहीत धरते, कारण फोनवर तू "हं" म्हणतेस, "ठेवते" म्हणतेस आणि ठेवतेस. एवढ्यावरून माणसाची तब्येत कशी कळणार? म्हणून पत्र लिहायला घेतलं.

मावशीकडे भेटलो त्याला बरेच महिने झाले. त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. कामाचं लिहिते. तू तेव्हा विचारलं होतंस, "चिंगे, तू त्या तळ्यावर नेमकं करतेस तरी काय?" मी तोंड उघडायच्या आत मावशीने चहा आणला, आणि मग विषय चहाचाच झाला. तेव्हाचं उत्तर आत्ता देते.

मी पाऊस गोळा करते.

तळं म्हणतो आम्ही, पण पलीकडचा काठ दिसत नाही. बोटीने बरंच आत गेलं की लोखंडी खांबांवर एक मचाण आहे. मचाणावर पेटी. पाऊस सुरू झाला की पेटीचं झाकण आपोआप सरकतं, थांबला की मिटतं. आत काचेचं नरसाळं आणि त्याखाली बाटली. दर आठवड्याला आम्ही जातो, भरलेली बाटली काढतो, दुसरी लावतो. त्या पाण्यात पारा किती ते मोजतात.

पावसात पारा असतो. मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. कोळसा जाळला, सोनं काढायला पारा कालवलेला गाळ तापवला, कचरा पेटवला, की पारा वाफ होऊन वर जातो. वर गेल्यावर त्याला घाई नसते. महिनोन् महिने फिरतो, कधी वर्षभर. मग कुठल्यातरी पावसाबरोबर खाली येतो. कुठून निघाला आणि कुठे पडला याचा मेळ कुणालाच घालता येत नाही. आमचं तळं मोठं, तोंड उघडं टाकून पडलेलं, म्हणून त्याच्या वाट्याला पुष्कळ येतो. पुष्कळ म्हणजे थेंबात जवळजवळ नाहीच. पण तळाच्या चिखलात त्याचं रूप पालटतं. चिखलातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात. प्रत्येक तोंडात तो वाढत जातो. मासा जितका म्हातारा तितका पारा जास्त. धक्क्यावर पाटी लावली आहे: गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मोठा मासा खाऊ नये. त्या पाटीच्या सावलीत बसून लोक मोठा मासा विकतात.

मचाणावर दोघंच चढतात. एकाने फक्त बाटलीला हात लावायचा, बाकी कशालाही नाही. दुसऱ्याने बाकी सगळ्याला लावायचा, बाटलीला नाही. नियमांत याला स्वच्छ हात आणि मळका हात म्हटलंय. आम्ही सोवळा आणि ओवळा म्हणतो. यंदापासून मी सोवळी. ओवळा म्हणजे आमचा लंबू. माझ्याबरोबरच लागला, उंच आहे एवढाच त्याचा अपराध. बाहेरची पिशवी तो उघडतो, आतली मी. माझं नाक खाजलं तर खाजवायचं नाही. खाजवलं तर तो खाली बोटीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडतो, "विटाळलं!" आणि बोट चालवणारा कप्तान खालून विचारतो, "अंघोळीचं पाणी काढू का?"

शिवाय एक कोरी बाटली असते. तिच्यात प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी. ती आमच्याबरोबर येते, मचाणावर मी तिचं झाकण उघडते, थोडा वेळ ठेवते, लावते, परत आणते. तिच्यात काही सापडता कामा नये. सापडलंच तर ते पावसाचं नाही, आमचं.

यंदा सापडतंय. दर वेळी नाही. वारा असला, लाटा असल्या, की सापडतं. तळं शांत असलं की बाटली कोरी. आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, हरखल्या आहेत. त्यांना वाटतं, वाऱ्यात तळं आपल्या पोटातला पारा परत हवेत फेकतं, तोच बाटलीत येतो. तसं असेल तर ते मोठंच. त्या लेख लिहायला बसल्या आहेत. मला मात्र कुठेतरी खटकतं. काय ते सांगता येत नाही.

तुझ्या हाताचं कसं आहे, हे विचारायचं नाही असं ठरवून बसले होते. विचारलं.

तुझी,
चिंगी


२३ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं आहे. दवाखान्याच्या औषधाच्या चिठ्ठ्याही आता टाइप करतेस का?

तू लिहिलंस, "हात ठीक आहे. वयोमानाने होतं असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर माझ्याहून मोठे आहेत आणि त्यांचा हात अजिबात हलत नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. वाऱ्याचं पुढे काय झालं? शांत दिवशी तुम्ही काय करत नाही जे वादळी दिवशी करता? तळ्याला सोडा, स्वतःकडे बघा."

ताई, तू दात सोडून पोलिसात जायला हवं होतंस. ऐक.

बाई स्वतः बोटीत आल्या. हवेतला पारा मोजायचं हातातलं यंत्र आणलं होतं. बुटाच्या खोक्याएवढं, पुढे नळी, वर आकडा. लाटा चांगल्याच होत्या. बाईंनी नळी पाण्यावर धरली. आकडा ढिम्म. इंजिनाच्या धुरात धरली, हातमोज्यांवर, पिशव्यांवर, लंबूच्या रेनकोटावर. ढिम्म.

"यंत्र बिघडलंय," बाई म्हणाल्या.

"नाहीतर माणसं," कप्तान म्हणाला. "पोलीस दारुड्याला फुंकायला लावतात, तसं सगळ्यांना लावा की. काही नाही तर करमणूक."

लंबूने फुंकलं. काही नाही. कप्तानाने कवळी काढून खिशात टाकली आणि फुंकलं. काही नाही. "कोरा करकरीत," तो म्हणाला, म्हणजे तसं काहीतरी म्हणाला. कवळी खिशात होती. मग मी फुंकलं.

आकडा चढायला लागला तो थांबेना.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तोंडात काय आहे?"

"च्युइंगगम."

"कशाला?"

"लाटा असल्या की मला मळमळतं."

"आ कर."

मी आ वासला. तिघं माझ्या तोंडात वाकून बघत होते आणि बोट हलत होती.

"हिच्या तोंडात सराफाचं दुकान आहे," कप्तान म्हणाला.

सगळ्या दाढा चांदीने भरलेल्या, ताई. सगळ्या तुझ्या हातच्या. चघळलं की घासतात, ऊब लागते, आणि त्यांतून पारा निघतो. इतका कमी की मला त्याचं काही नाही. पण मी बुटकी, पेटी उंच. झाकण फिरवायला टाचा उंचावते, तोंड पार बाटलीशी येतं आणि मी तोंडाने श्वास टाकते. लाटांच्या दिवशी गम, गमच्या दिवशी पारा. तळ्याचा काही संबंध नाही. बाईंनी लेखाचे कागद फाडले नाहीत. त्यांच्या कोऱ्या बाजूंवर त्या आता सामानाच्या याद्या करतात.

मी ओवळी झाले. बाटलीला आता लंबू हात लावतो, मी पिशव्या धरते आणि तोंड फिरवून उभी राहते. बाई म्हणाल्या, दाढा बदलून घेतल्यास तर तुझी जागा तुला परत. लंबूची बोटं जाड आहेत. त्याला झाकणाचे आटे जमत नाहीत. बघवत नाही.

पण मला राहून राहून ती चांदी आठवते आहे. चांदी म्हणतात, असतो त्यात निम्मा पारा, हे तूच मला सांगितलं होतंस. तुझा दवाखाना नवा होता, मी शाळेत होते, खुर्चीत बसायला दुसरं कुणी मिळत नव्हतं. तू खलात भुकटी घ्यायचीस, बाटलीतून पाऱ्याचे थेंब पाडायचीस, घोटायचीस. मग तो गोळा चिंधीत घालून चिमटीने पिळायचीस. जास्तीचा पारा कापडातून बाहेर यायचा आणि टेबलावर पळायचा. एकदा एक थेंब माझ्या तळहातावर सोडलास. किती जड होता. "बघ," म्हणालीस, "ओला नाही आणि पाण्यासारखा." मी तेव्हा जे विचारत सुटले ते अजून थांबलेले नाही. तळ्यावर मी त्या थेंबामुळे आले असं मला वाटतं.

अजून तसंच करतेस का? नुसत्या हाताने? आणि एसी लावतेस तेव्हा खोली पूर्ण बंद असते का? सहज विचारते.

तुझी,
चिंगी (ओवळी)


९ सप्टेंबर

प्रिय ताई,

पत्र मिळालं. घाईत लिहिते आहे.

तू म्हणतेस, "खल अजून आहे. तयार डबीतून येते ती चांदी नव्हे, ते गिरणीचं पीठ. एसी लावल्यावर खोली बंद ठेवायची नाही तर काय उघडी ठेवायची? माझं काम तुला नडत असेल तर ये. चांदी काढते आणि त्या जागी पांढरं सिमेंट भरते. माझ्या कामाला माझाच हात लागेल, दुसऱ्याचा नाही. येत्या रविवारी?"

येत्या रविवारी जमणार नाही. बाटल्या धुवायची पाळी आहे, आम्लात बुडवून ठेवतात त्या, मधे सोडून येता येत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बोटीचं इंजिन उघडणार आहेत आणि कप्तानाला हात द्यायला कुणी नाही. मग बघू.

लंबूने काल बाटलीचं झाकण तळ्यात पाडलं. कप्तान म्हणाला, "आता मासे झाकण लावून फिरतील."

तू जेवणखाण वेळेवर करतेस ना?

तुझी,
चिंगी


२८ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझी चिठ्ठी तीन ओळींची आहे. "दर रविवारी नवं निमित्त. समोरच्या शिंपीणबाई पण असंच म्हणायच्या, पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू. परवा त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून गालाला हात लावून बाहेर पडताना दिसल्या."

दोन दिवस ती चिठ्ठी टेबलावर आहे. मी तिच्या आजूबाजूने कामं करते आहे.

बाटल्या बाटल्यांच्या रविवारी धुऊन झाल्या. इंजिन कप्तानाने एकट्याने उघडलं आणि एकट्याने मिटलं. मी घरी होते.

मला तुझ्या खुर्चीत बसायची भीती वाटते. तुझा हात हलतो.

लिहिलं. आता पुढचंही लिहिते, नाहीतर हे एवढंच तुझ्या हातात पडेल आणि ते तर मावशीही म्हणाली होती. त्या दिवशी तुझा कप बशीवर वाजत होता. तू तो दोन्ही हातांनी धरलास, तरी वाजत होता. मावशी म्हणाली, "आता पुरे कर ते दात कोरणं, वय झालं." तू कप ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलीस. चहा तसाच होता. मी तुझ्या मागे आले नाही, कारण मला वाटलं मावशीचं बरोबर आहे.

आता वाटतं, मावशीचं चुकलं. वयाने नसेल.

ताई, मी रोज पाऱ्याबद्दल वाचते. बंद खोलीत वर्षानुवर्षं पाऱ्याची वाफ घेतली की काय होतं तेही वाचलं. आधी बोटं थरथरतात. अक्षर बिघडतं. झोप उडते. माणूस चिडका होतो, आणि चिडका नसेल तेव्हा लाजाळू होतो. चार माणसांत नको वाटतं, फोनवर नको वाटतं. मी ते पान वाचत होते आणि मला सारखं वाटत होतं की हे कुणी आपल्या घरात बसून लिहिलंय. तू चिडकी लहानपणापासून आहेस हे खरं. पण तू फोन ठेवणारी नव्हतीस. तू तर फोन सोडायची नाहीस, बाबा फोनपासून ओढून काढायचे तुला.

आणि तुझं अक्षर. पत्रं टाइप का करतेस ते मला पहिल्याच पत्राला कळलं. मी त्यावर विनोद केला.

मी चुकत असेन. कोऱ्या बाटलीच्या वेळी सगळेच चुकत होते. सगळे तळ्याकडे बघत होते. म्हणून अंदाज नको, मोजू. ते यंत्र बाई मला शनिवार-रविवार द्यायला तयार आहेत. पिशवीत घालून, तुला न सांगता आणता आलं असतं. तू चहा करायला आत गेलीस की नळी बाहेर काढायची, एवढंच. मी तसं ठरवलंही होतं. मग नाही ठरवलं. तुझ्या खोलीत तुझ्या पाठीमागे मोजायचं, हे मला जमणार नाही.

आणू का? आधी खोली मोजू. दुसरं म्हणजे तुझी लघवी तपासायला द्यायची, त्यात कळतं. खोली स्वच्छ निघाली तर मी तुझ्या खुर्चीत बसते, आ करते आणि हात कितीही हलू दे, तोंड मिटत नाही. स्वच्छ नाही निघाली तर मग दोघी बाहेर पायरीवर बसून ठरवू.

दवाखाना तुझ्या राहत्या घराची पुढची खोली आहे, ताई. मधलं दार नीट लागत नाही. मला दुसरं काही सुचत नाहीये.

रागाव, पण उत्तर दे.

चिंगी


२६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

त्या शनिवारचं लिहून ठेवते. तू तिथेच होतीस, पण यंत्र तुझ्या हातात होतं आणि मी तुझ्या मागे होते. मला जे दिसलं ते तुला दिसलं नसणार.

तुझं उत्तर एका शब्दाचं होतं, "आण." मी दारात आले तेव्हा वाटलं, तू भांडणार. तू पिशवीकडे बघून विचारलंस, "हेच ते? बॅटरी किती वेळ चालते?"

मी नळी दाराजवळ धरली. आकडा होता, पण फार नव्हता. तू म्हणालीस, "बघू दे." मी म्हटलं, "मी धरते, तुझा..." आणि थांबले. तू म्हणालीस, "माझा हात हलेल. हलू दे. हवाच आहे, टोचायचं कुणाला आहे?"

मग तू सुरू झालीस. रुग्णाच्या खुर्चीजवळ: थोडा. तोंड धुवायच्या भांड्याजवळ: थोडा. खलाच्या टेबलावर चढला. टेबलाखाली, फरशांच्या फटीत, आणखी. तू गुडघे टेकून भिंतीच्या कडेकडेने सरकत होतीस आणि आकडे मोठ्याने वाचत होतीस, मी आपली मागून चालत होते. "इथे जास्त. इथे कमी. का बरं? अगं, इथून तो घरंगळत असणार, फरशीला उतार आहे." तुझ्या आवाजात मला इतकी वर्षं न ऐकलेलं काहीतरी होतं. खलाच्या टेबलाजवळ मला पहिला थेंब दाखवणारी मुलगी होती ती. आपण तुझा आजार मोजतोय हे मी काही क्षण विसरले. तूही विसरली होतीस, हो ना?

तुझ्या दवाखान्यातल्या अंगरख्याच्या खिशात नळी घातलीस. चढला. "बरं," म्हणालीस. मग कपाट उघडलंस आणि व्हॅक्यूम क्लीनर बाहेर ओढलास. यंत्र किंचाळलं. आकड्याला जागा पुरेना.

तू जमिनीवरच बसलीस.

"रोज," म्हणालीस. "रोज संध्याकाळी सगळी खोली झाडून काढते मी याने. मदतनीस पोरगी म्हणायची, केरसुणी पुरे. मी म्हटलं, केरसुणी म्हणजे गचाळपणा. हे गरम होतं ना, चिंगे? फटीतला ओढायचा, तापवायचा आणि हवेत सोडायचा. रोज. मी."

आणि हसायला लागलीस. मी पण हसले. मग तू हसायची थांबलीस आणि मला थांबायला उशीर झाला.

आपण पायरीवर बसलो. मी म्हटलं, "दाढा बदलायचं राहू दे." तू म्हणालीस, "शाबूत दाढ उकरायची नसते, उकरताना सगळ्यांत जास्त पारा निघतो, एवढं मला कळतं. मी काही ती काढणार नव्हते."

"मग बोलावत का होतीस?"

तू रस्त्याकडे बघत होतीस. "खुर्चीत कुणी बसत नाही गं आता. म्हटलं, तू बसशील. तुझ्या तोंडात आरसा धरून बघावं, हात स्थिर राहतो का. तुझ्या बाबतीत राहायचा."

मी यंत्र बंद करून पिशवीत घातलं.

काल तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं. वाचायला वेळ लागला, वाचता आलं. लघवीत पारा पुष्कळ आहे म्हणतेस. डॉक्टरांनी दोनदा तपासायला लावलं आणि मग वयाचा विषय काढला नाही. खोलीपासून दूर राहिलीस तर काही महिन्यांत कंप कमी होईल, होईलच असं नाही. चांदी कायमची बंद. दवाखान्याची पाटी उतरवलीस. हे सगळं तू चार ओळींत लिहिलंस आणि पुढची अख्खी दोन पानं खिडकीबद्दल लिहिलीस.

ती पानं मी बाईंनाही दाखवली. त्या बराच वेळ वाचत होत्या. मी तुला लगेच फोन केला तर तू म्हणालीस, "लेखी दे. फोनवर तू मला गुंडाळशील." म्हणून लेखी देते.

तू विचारतेस: "साफसफाईवाले म्हणतात, थेंब उचलल्यावर खिडक्या उघड्या टाका, महिनाभर वारा खेळू दे. म्हणजे खोलीतला पारा बाहेर. बाहेर म्हणजे कुठे? तूच लिहिलंस, वर जातो, वर्षभर फिरतो, पावसात पडतो, तळ्यात मुरतो, माशात चढतो. माझ्या चांदीचं मी कुणा पोटुशी बाईच्या ताटात वाढायचं का? तोपर्यंत खिडक्या बंद आहेत. मी मागच्या खोलीत आहे, मधल्या दाराला चादर लावली आहे. नीट विचार करून सांग. खरं सांग."

खरं सांगते.

सगळ्यांत जास्त पारा आहे तो फटींत, चिंधीत, खलात, अंगरख्यात आणि त्या क्लीनरच्या पोटात. तो हवेत जायची गरज नाही. थेंब चिकटपट्टीने उचलतात, बाटलीत पाण्याखाली ठेवतात, झाकण घट्ट लावतात. बाकीचं दुहेरी पिशव्यांत बांधतात. ते सगळं कुठे द्यायचं त्याचा पत्ता बाईंनी सोबतच्या कागदावर लिहून दिला आहे. क्लीनरला हात लावू नकोस, साफसफाईवाल्यांना लावू दे.

उरलं ते हवेतलं आणि भिंतींत मुरलेलं. ते खिडकीतून जाईल. मी बाईंना हिशेब विचारला. कारखान्याच्या एखाद्या मोठ्या चिमणीला सकाळी जाग येताना जेवढा धूर सुटतो, त्यातही याहून जास्त पारा असेल, त्या म्हणाल्या. पण शून्य नाही, हेही म्हणाल्या. तू शून्याबद्दल विचारलं आहेस. नाही, ताई. शून्य नाही. थोडं वर जाईल, फिरेल, आणि त्यातलं काहीतरी कुठल्यातरी पाण्यात पडेल. या तळ्यातही पडेल. तुझ्या खोलीतून गेली इतकी वर्षं, दार उघडलं की, रुग्ण आत-बाहेर झाला की, थोडं जात होतंच. माझ्या बाटल्यांत ते असणार. मी ते ओळखलं नाही. एकदा पावसात मिसळलं की कुणाचं काय हे ओळखता येत नाही.

तू विचार केलास, याचं मला नवल वाटत नाही. चिमणीवाल्यांपैकी कुणी असं पत्र लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण ते लिहीत नाहीत म्हणून त्यांच्या वाट्याचं तू चादरीमागे बसून नाकात घ्यायचं, हे मला मान्य नाही. मी सोवळं पुष्कळ पाळलं. या कामात ते पाळावं लागतं. तुझ्या बाबतीत नाही पाळणार.

हे पत्र घेऊन कप्तानाचा भाचा आजच तिकडे येतो आहे. त्याच्या गाडीत मागची जागा रिकामी आहे. कपडे धुतलेले घे, दवाखान्यातलं काही घेऊ नकोस. माझ्याकडे खोली आहे, हात बरा होईस्तोवर राहा, नाही झाला तरी राहा. लंबूला झाकण लावायला अजून जमत नाही; त्याला चार शिव्या घालायला कुणीतरी हवं आहे.

निघायच्या आधी खिडक्या उघड, ताई. सगळ्या. त्यातलं काही इकडे आलं तर मी मोजून घेईन.

तुझीच,
चिंगी